पाचव्याच्या आधी चौथं

परळ, मुंबई
सोमवार

प्रिय वैशू,

सप्रेम जयभीम.

मागच्या महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी सात वाजता, दुकानाचं शटर उघडण्याआधी, मी समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो आणि दोन कटिंग मागवल्या. सोबत एक मस्का-पाव. तुला ठाऊक आहे, मी बाहेर चहा पीत नाही. घरातून निघताना पितो तेवढाच. पण त्या दिवशी दोन मागवल्या, त्यातली एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली आणि निवू नये म्हणून वर बशी झाकली. ती कोणासाठी होती, तेच या पत्रात लिहायचं आहे. पण लगेच लिहवत नाही. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पत्रात मुख्य मजकूर आधी लिहावा, खुशाली नंतर. मी आज उलटं करतो आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते वयामुळे नाही. मला भीती वाटते आहे, म्हणून.

तुझा हात कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटत असेल. आत घालायला सळई-बिळई घेऊ नकोस, आत्याला सांग, नुसती फुंकर मारायची. राधाबाई आत्याने मलाही लहानपणी तशीच फुंकर मारली होती, मी पिंपळावरून पडलो तेव्हा. उजवा हात असल्यामुळे तुला उत्तर लिहिता येणार नाही हे मला कळतं, आणि माझ्या मनाचा एक कोपरा त्याने सुखावतो, हेही आता लपवत नाही. तुझा फोन फुटला, आत्याच्या घरात रेंज नाही. पण रेंज असती तरी हे मी फोनवर बोललो नसतो. तू मध्येच "दादा, जाऊ दे" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. चाळीतला हितेंद्र उद्या परळ डेपोतून एस.टी.ने गावी निघतो आहे. त्याच्या हाती देतो. बुधवारी तुझ्या हातात पडेल.

तू गेल्यापासून इकडे काय झालं ते सांगतो. दारूचं दुकान बंद करण्याच्या तुम्हा बायकांच्या अर्जाची पडताळणी येत्या रविवारी ठरली आहे, पालिकेच्या शाळेत, सकाळी दहापासून. सह्या केलेल्या प्रत्येकीने मतदार कार्ड घेऊन यायचं, दारूबंदी खात्याच्या साहेबांच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं की ही सही माझीच, मला कोणी जबरदस्ती केलेली नाही. पुरेशा जणी आल्या तरच पुढे मतदान. चिठ्ठीवर एक उभी बाटली असेल, एक आडवी. वॉर्डाच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद होईल. आणि जी आलीच नाही, मग ती आजारी असो, अँटॉप हिलच्या ट्रान्झिट कॅम्पात तात्पुरती राहायला गेलेली असो की घाबरून घरात बसलेली असो, तिचा उपयोग उभ्या बाटलीलाच.

पण मतदान राहिलं दूर, पडताळणीलाच कोणी येईल असं दिसत नाही. तुझ्या हाताचं झाल्यापासून बायका सह्या गोळा करणाऱ्या शैलाताईंच्या दारावरून मान खाली घालून जातात. सह्यांचे कागद त्यांच्याच ट्रंकेत असायचे, तेव्हा तुझं नाव त्यांच्याच तोंडून फुटलं असणार, असं सगळी चाळ धरून चालली आहे. तूही नळावर प्लास्टर दाखवून हेच म्हणाली होतीस. त्यानंतर तीसेक जणी शैलाताईंकडे जाऊन, आमची नावं खोडा, म्हणून सांगून आल्या. दुसऱ्या माळ्यावरची एक तर त्यांच्या तोंडावर म्हणाली, "तुम्हाला नवरा नाही, तुमचं काय जातंय? हात आमचे मोडतात."  हॉस्पिटलातली आयाची पाळी संपवून शैलाताई अजून रोज अँटॉप हिलला जातात, तिकडे गेलेल्या बायकांची दारं ठोठावतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. त्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "राजरत्नभाऊ, तुम्ही त्या दुकानात आहात, तुम्हाला कशाला या भानगडीत ओढू. पण वैशालीला एवढं कळवा, मी बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून सांगते, मी कोणाला बोलले नाही." मी म्हणालो, कळवतो. आणि वर निघून आलो. 

मी दुकानात आहे, याची तुला कधी लाज वाटली असली तरी तू दाखवली नाहीस. छापखाना बंद पडल्यावर सात महिने घरी बसलो होतो. आमची श्रेया तेव्हा बालवाडीत होती. दुकानाच्या मालकाने, अभयशेठने विचारलं, दारूला शिवत नाहीस ना, मग तूच ये, मला न पिणारा माणूस पाहिजे. तेव्हापासून अकरा वर्षं मी सरकारमान्य देशी दारूच्या दुकानात सकाळी शटर उघडतो आणि काउंटरमागे उभा राहतो. आणि दर रविवारी विहारात जातो. आपल्या रांगेत बसून पंचशील म्हणतो. पहिली चार शीलं मोठ्याने म्हणतो. पाचव्याला, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याच्या शीलाला, ओठ मिटून घेतो. मी पीत नाही, पण पाजतो, मग कोणत्या तोंडाने म्हणू? अकरा वर्षं असं चाललं. मला वाटायचं, एक सोडलं तरी चार तर खरी म्हणतो. पाचातली चार म्हणजे काही थोडी नाहीत.

अर्ज गेल्यावर चौकात सभा झाली ती तुला आठवते. तू मागे उभी होतीस, पदराने अर्धं तोंड झाकून. मी शेठच्या बाजूला उभा होतो. त्या सभेतलं बोलणं माझ्या डोक्यात अजून फिरतं, कारण तिथे कोणीच खोटं बोललं नाही, तरी कोणाचंच कोणाशी जुळलं नाही. साहेब तरुण होते. म्हणाले, या बाटल्यांचा कर सरकारकडे जातो, त्यातून रस्ते होतात, दवाखाने चालतात. त्याच दवाखान्यांत या बाटल्यांचे पेशंट येतात, तेही मला माहीत आहे. मी कोणाची बाजू घेणार नाही, मी फक्त मोजणार. त्यावर शैलाताई उठल्या. "मोजा साहेब. तिजोरीत काय पडतं ते तुम्ही मोजा. खाटेखाली काय सांडतं ते मी रोज पुसते, ते मला विचारा." सगळे हसले, साहेबही हसले. मग शेठ म्हणाले, "माझं दुकान घालवा. समोरच्या टॉवरच्या खाली काचेचं दुकान आहे, एसी आहे, तिथली बाटली कोण आडवी करणार? गरिबाचीच तेवढी आडवी करायची? माझ्याकडे सहा माणसं आहेत. त्यांच्या चुलीवर काय ठेवायचं तेही एकदा मतदानाला टाका." हेही मला खोटं वाटलं नाही. आणि मग आपल्या रमाबाई, दुकानाच्या दारात उकडलेली अंडी आणि चणे विकतात त्या, टोप खाली ठेवून म्हणाल्या, "माझी अंडी याच्याच दारात खपतात. बाटली आडवी झाली की माझा टोपही आडवा. तरी मी सही केलीय, वाचून घ्या. माझा पोरगा रामू त्याच पायरीवर संपला. त्याच्या मागे मी तिथेच बसून अंडी सोलते, ते काय मला आवडतं म्हणून?" त्यानंतर कोणी हसलं नाही.

मी त्या रात्री जेवलो नाही. तुझी वहिनी म्हणाली, नोकरीची काळजी करताय होय? मी हो म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं. मला बाबा आठवत होते.

बाबांचं तुला कोणी नीट सांगितलं नाही. तू नऊ वर्षांची होतीस, मी दहावी करून गावाहून मुंबईला येऊन दोन वर्षं झाली होती. निवडणूक होती, म्हणून तीन दिवस दारूची सगळी दुकानं बंद होती. बाबांना गिरणीतून सुटल्यावर रोज एक क्वार्टर लागायची, नाही मिळाली की अंगाला कापरं भरायचं. तिसऱ्या दिवशी ते चालत रे रोडला गेले. लाकडाच्या वखारींच्या मागे पिशवीतली, हातभट्टीची मिळते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते खाटेवर उठून बसले आणि तुला म्हणाले, "वैशू, दिवा लाव गं, अंधार का करून ठेवलाय?" तू बटण दाबलंस. ते म्हणाले, "लाव ना गं." तू दाबत राहिलीस, खाली, वर, खाली, वर. दिवा लागत होता, विझत होता, आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी दारात उभा राहून बघत होतो. आईने तुला उचलून शेजारी नेलं. संध्याकाळपर्यंत बाबा गेले. तुला सांगितलं की पोटाच्या दुखण्याने गेले. वैशू, तुझ्या बटणात काही चूक नव्हती. तू कधीकधी अजून दिवा लावताना दोनदा दाबतेस, ते मी बघतो.

म्हणून मी त्या काउंटरमागे अकरा वर्षं उभा राहू शकलो. मी स्वतःला सांगायचो, निदान ही सील असलेली आहे. हिच्यावर सरकारचा शिक्का आहे. ही पिऊन कोणी भर दुपारी दिवा लाव म्हणणार नाही. दुकान बंद झालं तर जगदीशराव काय सोडणार आहेत? ते तर कामालाच रे रोडच्या वखारीत आहेत. पिशवीवाला त्यांच्या गेटवर उभा असतो. मला तुझा नवरा आवडतो की नाही हा प्रश्न वेगळा, पण माझ्या बहिणीच्या घरात तेच पुन्हा व्हावं, तुझ्या पोरीने बटण दाबत राहावं, या भीतीने मी आतून पोखरलो होतो. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. ही भीती खरी होती. पण तिच्या आडोशाला दुसरी एक भीती बसली होती, नोकरीची, आणि मी दोघींना वेगळं करून कधी बघितलं नाही.

सभेनंतर दोन दिवसांनी शेठने आम्हा सहा जणांना आत बोलावलं. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, तुमच्या घरातल्या, नात्यातल्या बायकांच्या सह्या असतील तर प्रेमाने समजवा. पडताळणीला जाऊ नका म्हणावं, बस. दुकान राहिलं तर तुम्ही राहाल. मी मान खाली घातली. कारण तुझी सही आहे हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस. गौरीच्या आठवड्यात, लालबागच्या गर्दीतून वाट काढत तू डबा घेऊन आली होतीस, आणि भांडी आवरताना हळूच म्हणाली होतीस, "दादा, मी पण केली सही. त्यांना कळता कामा नये. तुझ्या पोटावर पाय येतो माहितीये मला, पण राग मानू नकोस." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. शैलाताई आणि तू सोडून ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तुला हे कधी आठवलं नाही का गं? हात मोडल्यावर, गावी गेल्यावर, इतक्या दिवसांत एकदाही? मला वाटतं, तुला आठवलं असेल आणि तरीही माझं नाव तुझ्या मनात आलं नसेल. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

मी तुझ्याशी बोलायला हवं होतं. सरळ तुझ्या खोलीवर येऊन म्हणायला हवं होतं, वैशू, मला भीती वाटते, तू जाऊ नकोस. तू भांडली असतीस, कदाचित ऐकलंही नसतंस. पण आईची रीत माझ्या हाडात आहे. लग्न झालेल्या बहिणीच्या घरात काही सांगायचं तर आधी जावयाला सांगायचं, मानाने, बाहेर बोलावून, चहा पाजून. आई तुझ्या बाळंतपणाचंही आधी जगदीशरावांनाच विचारायची. मी तेच केलं. मला वाटलं, सकाळच्या वेळी ते शुद्धीवर असतात, चांगले असतात, माझा मान ठेवतात. मी शांतपणे सांगेन, ते शांतपणे तुला सांगतील, तू पडताळणीच्या दिवशी घरी राहशील, आणि कोणाचं काही बिघडणार नाही.

अठरा तारखेला ती बशी मी जगदीशरावांच्या चहावर झाकली होती.

ते आले, अंघोळ केलेले, कपाळावर पाणी, शर्टाला इस्त्री. मी म्हणालो, "राव, एक विनंती आहे. वैशूने त्या अर्जावर सही केली आहे. तिचं काही चुकलं असं नाही. पण पडताळणीला तिला जाऊ देऊ नका, घरातल्या घरात सांगा, रागावू नका." त्यांनी पाव चहात बुडवला, पूर्ण खाल्ला. म्हणाले, "बरं केलंत दादा, सांगितलंत ते. घरचं माणूस म्हणून सांगितलंत." चहाचे पैसेही त्यांनीच दिले, मला देऊ दिले नाहीत. मी इतका हलका होऊन शटर उघडलं की काय सांगू. कामावरून सुटल्यावर ते दुकानात आले. रोज एक घेतात, त्या दिवशी दोन मागितल्या. मी दिल्या. माझ्या हाताने दिल्या, वैशू. ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "दादा, कुठल्या हाताने केली असेल हो तिने सही?" मला वाटलं, थट्टा करताहेत. मी पण हसलो.

पुढचं तू मला सांगायची गरज नाही. हॉस्पिटलात बाकावर तू माझ्या खांद्याला टेकून बसली होतीस आणि मी रुमाल भिजवून तुझ्या ओठावर धरला होता. डॉक्टरीणबाईंना तू सांगितलंस, जिन्यावरून पडले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तू हळूच म्हणालीस, "शैलानेच सांगितलं असणार, नाही का रे दादा?" आणि मी मान हलवली. शब्द एक नाही उच्चारला. फक्त मान हलवली. त्या एका मानेवर तू नळावर बोललीस, त्या बोलण्यावर तीस बायकांनी नावं मागे घेतली, आणि एक बाई आता एकटीच अँटॉप हिलच्या पायऱ्या चढते आहे.

त्यानंतरच्या रविवारी विहारात गेलो. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझे ओठ उघडेनात. पाचवं तर मी तसाही म्हणत नव्हतो. पाचातली तीन उरली. रांगेतल्या बाकीच्यांचा आवाज माझ्या डोक्यावरून वाहत होता आणि मी पाण्यात बुडाल्यासारखा बसलो होतो. पुढच्या रविवारी तेच. तुझ्या वहिनीने बघितलं. घरी आल्यावर माझ्यापुढे ताट ठेवताना ती म्हणाली, "जे काय आहे ते मला नाही तर निदान तिला सांगा." मी तिला सांगितलं. तिने माझ्या ताटात भात वाढला. मग एवढंच म्हणाली, "नोकरी जाईल. श्रेयाचं दहावीचं वर्ष आहे. मी दोन घरची पोळ्यांची कामं घेते. पण तुम्ही सांगा." मी तरी आठ दिवस सांगितलं नाही. शेठची भीती होती, चाळीची भीती होती. जगदीशरावांची तर होतीच. ते आता रोज दुकानात येतात, काउंटरवर कोपर टेकून आवाज न चढवता विचारतात, "बायको कुठे लपवलीत, दादा?" मी म्हणतो, मला ठाऊक नाही. एवढं एक खोटं मात्र मी यापुढेही बोलणार आहे.

आणि सगळ्यांपेक्षा तुझी भीती. आई गेल्यावर मला दादा म्हणणारं जगात एकच माणूस आहे.

दुकान बंद व्हावं की राहावं, हे मला अजूनही नीट कळत नाही. मी साहेबांसारखं मोजून पाहिलं. एका बाजूला बाबा आणि ती पिशवी, रमाबाईंचा टोप, आम्ही सहा जण. दुसऱ्या बाजूला रामू, शैलाताईंच्या खाटा, आणि तुझा हात. माझी मोजणी कुठेच संपत नाही. पण एक कळलं. ते मोजायचं काम तुम्हा बायकांचं होतं, कायद्याने ते तुमच्या हाती दिलं होतं, आणि मी चहाच्या कपावरून ते तुमच्या हातून काढून जगदीशरावांच्या हातात ठेवलं. दुकान राहायचं तर तुमच्या मतांनी राहू दे. माझ्या हललेल्या मानेमुळे राहू नये.

म्हणून काल, रविवारी, मी जे केलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्या हाताने कळवावं, यासाठी हे पत्र. वंदना झाल्यावर सगळे उठायच्या आत मी उभा राहिलो. मी खांबाला धरलं. म्हणालो, वैशालीचं नाव शैलाताईंनी फोडलेलं नाही. मी फोडलं. तिने मला विश्वासाने सांगितलं होतं, मी तिच्या नवऱ्याला चहा पाजून सांगितलं, आणि नंतर आळ शैलाताईंवर जाऊ दिला. एवढंच बोललो.  रमाबाई म्हणाल्या, "मेल्या, सख्ख्या बहिणीचं?" आणि रडायलाच लागल्या. शैलाताई माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून सह्यांचे कागद काढले, सतरंजीवर पसरले, आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "ज्यांनी नावं खोडा म्हटलं होतं, ती मी खोडलेली नाहीत. रविवारी दहा वाजता." दुसऱ्या माळ्यावरची ती बाई सगळ्यांत आधी पुढे सरकली. किती येतील मला ठाऊक नाही. तू ये असं मी म्हणणार नाही, येऊ नको असंही नाही. तुझ्या वतीने बोलायचं मी आता थांबवलं आहे. पोलिसांतही मी परस्पर गेलेलो नाही. तू म्हणशील तेव्हा साक्षीला उभा राहीन, त्या दोन बाटल्यांसकट सगळं सांगेन. आज सकाळी सात वाजता दुकानाच्या किल्ल्या शेठच्या घरी नेऊन दिल्या. त्यांनी विचारलं, "उद्यापासून काय करणार?" मी म्हणालो, माहीत नाही, आणि जिना उतरताना मला तितकीच भीती वाटत होती जितकी चढताना वाटली होती. घरी येऊन बाबांच्या फोटोपुढे बसलो. चौथं शील मोठ्याने म्हटलं. मग पाचवं म्हटलं. अकरा वर्षांनी म्हणत होतो, मध्ये एक शब्द अडला, तो पुन्हा पहिल्यापासून म्हटला.

तुझाच, तू अजून म्हणणार असशील तर,
दादा